मागच्या रांगेतलं इंग्रजी

९ जानेवारी

ताईंचा हुकूम आहे, रोज इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची. लिहिली. मी व्हायोला वाजवते. माझे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. आज थंडी आहे. अशी पाच, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांसारखी, एकमेकांकडे न बघणारी. ती वेगळ्या कागदावर आहेत. इथे मराठीतच लिहिणार, कारण राग आणि लाज मला अजून इंग्रजीत येत नाहीत.

लाज कशाची, तर आमच्या वाद्यवृंदाला नव्या कंडक्टर आल्या आहेत. (कंडक्टर म्हटलं की ह्यांना बसच आठवते. "सुटे मागतात का?" हा विनोद करून झाला, रोज होतो.) दुसऱ्या देशातून आलेल्या बाई आहेत, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. इंग्रजीशिवाय अक्षर बोलत नाहीत. आधीचे साहेब आमच्याच भाषेत ओरडायचे, निदान कशावरून ओरडतायत ते कळायचं. ह्या बाई हळू बोलतात आणि काही कळत नाही. हातातल्या काडीवरून सगळे त्यांना काडीवाल्या बाई म्हणतात.

गुरुवारी तालमीत त्यांनी सगळ्यांना थांबवलं, काडी माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "ले बॅक अ लिटल." मला वाटलं, माझं बसणं त्यांना खटकतंय. मी खुर्चीत मागे रेलले. व्हायोलाचं डोकं छताकडे गेलं. बाई म्हणाल्या, "मोअर." मी आणखी रेलले. तेव्हा मागच्या पुढच्या सगळ्या रांगा हसायला लागल्या. माझे शेजारी पोपटराव (हे त्यांचं नाव नव्हे, इंग्रजी पोपटासारखं बोलतात म्हणून) कानाशी येऊन म्हणाले, "अहो, घाई करू नका म्हणतायत. ठेक्याच्या जरा मागून या."

गेली एकोणीस वर्षं मी इथे वाजवतेय. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच, सगळं सावरून धरते आणि फोटोत कुठे दिसत नाही. त्यातही मी मागच्या रांगेत. आमच्या तुकडीचे म्होरके मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांची खुर्ची मला हवी आहे. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा. वाजवण्याची परीक्षा पडद्याआडून होते, तिथे मी कुणाला हार जाणार नाही. पण म्होरक्याला तुकडीला समजवावं लागतं, बाईंशी बोलावं लागतं, वेळेला भांडावंही लागतं. मी काय, रेलून दाखवू?

म्हणून अभिमान गिळला आणि ताईंकडे गेले.

१२ जानेवारी

ताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. पुलापलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकट्याच असतात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी, मुदत संपायच्या आधीच, नोकरी सोडली. "मुलांचा कंटाळा आला," एवढंच म्हणाल्या.

आमचं दोघींचं कधी भांडण झालं नाही. म्हणजे आम्ही किती लांब होतो ते समजा. भावाने नोकरीवाली बायको करावी असं त्यांच्या मनात होतं, त्याने तारा खरवडणारी केली. सुरुवातीला कार्यक्रमांना यायच्या. मग येणं कमी झालं, मग थांबलं. मी कारण विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

आज शिकवणीचा पहिला दिवस. बेल वाजवली, थांबले, परत वाजवली. आत दिवा दिसत होता. बोट दुखेपर्यंत बेल दाबली तेव्हा कुठे दार उघडलं. मी ठरल्या वेळेपेक्षा थोडी उशिरा पोचले होते, त्याची ही शिक्षा असणार. मास्तरणीची सवय.

मला खिडकीसमोर बसवलं, उजेड थेट तोंडावर, पोलीस चौकशीला बसवतात तसं. स्वतः खिडकीकडे पाठ करून बसल्या. आणि मग सुरू. "मोठ्याने. मान वर. तोंडावरचा हात काढ. शब्द चावू नकोस, तो काही पाव नाही." एक वाक्य सातआठ वेळा म्हणायला लावलं. माझं उच्चारण इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन पाणी प्यायले तर घसा धरलेला.

२० जानेवारी

बाई तालमीत सारख्या म्हणतात, "आय ॲम अफ्रेड." आय ॲम अफ्रेड तुतारीवाले उशिरा आले. आय ॲम अफ्रेड हे सुरात नाही. मी ताईंना विचारलं, एवढ्या मोठ्या बाईला रोज इतकी भीती कशाची वाटते?

ताई हसल्या. त्यांना हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. म्हणाल्या, "ती भीती नाही गं. वाईट बातमीला घातलेली मऊ दुलई आहे ती. समोरच्याला लागू नये म्हणून."

मग 'आय ॲम अफ्रेड'ने सुरू होणारी दहा वाक्यं माझ्याकडून म्हणवून घेतली. मी शेवटी जरा थकून पुटपुटले तर म्हणाल्या, "काय? काय म्हणालीस? पहिल्यापासून." काही केल्या सुटका नाही.

२ फेब्रुवारी

आज परत फजिती. बाई म्हणाल्या, "वुड यू माइंड मूव्हिंग युअर चेअर?" मी तत्परतेने म्हणाले, "येस, येस." आणि हसऱ्या तोंडाने खुर्ची उचलायला लागले. बाई गोंधळून बघत राहिल्या.

संध्याकाळी ताईंनी सांगितलं की मी तोंडाने नकार दिला होता. वुड यू माइंड म्हणजे, तुमची काही हरकत आहे का. येस म्हणजे, आहे. मी भर तालमीत बाईंना सांगितलं की माझी हरकत आहे, आणि वर खुर्चीही हलवली.

"म्हणजे तू अगदी आमच्या घरातली झालीस," हे म्हणाले. "नाही म्हणायचं आणि करायचं."

११ फेब्रुवारी

ह्यांना सांगून टाकलं. सकाळी ते बूट घालत होते, मी म्हणाले, "मला म्होरक्याची खुर्ची हवी आहे. म्हणून ताईंकडे जाते."

त्यांनी एक बूट घातला, दुसरा हातात धरून बसले. "मला वाटलं बाईंची बोलणी नीट कळावीत म्हणून जातेस."

"नाही. त्यांना उत्तर देता यावं म्हणून."

"मग बस की त्या खुर्चीत," ते म्हणाले. "खुर्ची तुझ्या वडिलांची नसेल, पण दुसऱ्या कुणाच्याही वडिलांची नाही." आणि दुसरा बूट घालून कामाला गेले. दुपारी शेजारीण जिन्यात म्हणाली, "तुम्ही मोठ्या साहेब होणार म्हणे?" म्हणजे ह्यांनी फाटकापर्यंत जातानाच गावभर केलं होतं. मी लटकं रागावले. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२६ फेब्रुवारी

आज मी बाईंशी पूर्ण बोलले. आमच्या स्वरलिपीच्या प्रतींत एका जागी एक पान चुकीचं लागलं होतं, दोन तालमी सगळे तिथे अडखळत होते. मध्यंतरात मी बाईंपुढे उभी राहिले, मान वर केली, हात खाली ठेवले आणि सांगितलं, मोठ्याने, तुटक तुटक, पण सांगितलं. बाईंनी माझ्या हातातून पान घेतलं, बघितलं आणि म्हणाल्या, "थँक यू. दॅट वॉज व्हेरी क्लिअर." व्हेरी क्लिअर. पोपटरावांनी ऐकलं. त्यांनी ऐकलं याची मी खात्री करून घेतली.

ताईंना सांगायला धावत गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या, नळ चालू होता. दारातूनच सगळं सांगितलं, बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. ताई भांडी विसळत राहिल्या. वळल्यासुद्धा नाहीत. मी सांगून संपवलं तरी पाठच.

मग नळ बंद करून वळल्या, मला बघून दचकल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू कधी आलीस?"

इतका तुटकपणा मी खपवून घेणार नव्हते. पण खुर्ची हवी आहे ना. बसले आणि धडा घेतला. त्या दिवसभराच्या आनंदाबद्दल परत एक शब्द काढला नाही.

१० मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

ताईंनी सांगितलं होतं, व्हायोला घेऊन ये, वाजवून दाखवत दाखवत इंग्रजीत समजाव, तुकडीपुढे करावं लागेल तसं. पहिल्यांदाच त्यांच्या घरी वाद्य नेलं. नव्या कार्यक्रमातली एक संथ जागा निवडली, अगदी हलक्या गजाने वाजवायची, श्वासाइतकी. ती मला चांगली साधते. डोळे मिटून वाजवली. इतकी मन लावून की ताईंचं घर, नोकरीवाली बायको, सगळं विसरले.

डोळे उघडले. ताई हात मांडीवर ठेवून बसलेल्या. म्हणाल्या, "हं. वाजव ना आता."

मला काय वाटलं ते कसं लिहू? मागच्या रांगेत बसून इतकी वर्षं जे गिळलं होतं, ते सगळं वर आलं. मी वळले, वाद्य पेटीत ठेवायला लागले आणि पाठमोरीच म्हणाले, "ताई, तुम्हांला माझं वाजवणं पहिल्यापासून आवडत नाही, ते मला माहीत आहे. पण इतकं तोंडावर बोलायची गरज नव्हती. मी शिकायला येते, अपमान करून घ्यायला नाही."

मागून उत्तर नाही. मी गज पुसला, त्याचे केस ताणणारा स्क्रू सैल केला. तरी उत्तर नाही. मग वळले, भांडायची तयारी करूनच.

ताई माझ्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, थोडी काळजी. म्हणाल्या, "काय झालं? तार तुटली का?"

मी उभीच राहिले. बेल, नळ, उजेड तोंडावर घेऊन बसणं, 'काय म्हणालीस, पहिल्यापासून'. हे सगळं एकदम समोर आलं.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, चेहरा त्यांच्याकडे करून, आणि म्हणाले, "ताई, तुम्हांला ऐकू येत नाही."

त्यांनी नजर खाली घातली. मग शिकवताना बोलतात तशा, वाक्य सुटं सुटं करून सांगायला लागल्या. उजवा कान आधी गेला. मग डावा त्याच्यामागे निघाला. मागच्या बाकावरच्या मुलांना ते कळलं. ती नुसतेच ओठ हलवायला लागली, आपल्या बाईंना काय कळतं ते बघायला. "वाईट नव्हती गं मुलं. त्यांना गंमत वाटली. मला नाही वाटली."

"आणि कार्यक्रम? कार्यक्रमांना यायचं का बंद केलंत?"

"आधी बासरी गेली," त्या म्हणाल्या. "मग व्हायोलिनं गेली. पंधरावीस माणसं हात हलवतायत आणि ऐकू काही येत नाही. तू मात्र ऐकू यायचीस. तुझं वाद्य जाड आवाजाचं, ते मला सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकू आलं. नंतर तेही पुसट झालं. मग मी येणं थांबवलं. तुला वाजवताना नुसतं बघत बसायचं, ते मला जमेना."

मी पेटीतून वाद्य काढलं. खुर्ची त्यांच्या खुर्चीला टेकवली, डाव्या बाजूला, आणि सगळ्यांत जाड तार जोरात वाजवली. तुकडीत असं वाजवलं असतं तर बाईंनी हाकलून दिलं असतं.

ताई ऐकत राहिल्या. मी थांबले तर म्हणाल्या, "आय ॲम अफ्रेड तुझा गज थोडा वाकडा पडतोय." पाचदहा वर्षांनी ऐकलं आणि चूक काढली. बरोबर काढली, हे विशेष.

१३ मार्च

ह्यांना सांगायचं नाही असं ताईंनी बजावलंय. "तो लगेच काळजीचं तोंड करील. मला ते तोंड नको." कानाला यंत्र लावायलाही तयार नाहीत. लोक चार चार वेळा ओरडून बोलतात, आपल्याकडे बघून बोलतात, बिचारी म्हणतात. त्यापेक्षा हसून मान डोलवलेली बरी.

मी इंग्रजीत विचारलं, "वुड यू माइंड कमिंग टू द डॉक्टर विथ मी?"

"येस," ताई म्हणाल्या. आणि व्याकरणाने मला जागीच गारद केलं.

२९ मार्च

गेलो डॉक्टरांकडे. सोळाव्यांदा विचारल्यावर नो म्हणाल्या, म्हणजे हो. यंत्र बसवून दिलं. ताई ते घरात, दार लावून घालतात, बाहेर निघताना काढून कपाटात. म्हणाल्या, स्वतःच्या चपलांचा आवाज इतका कर्कश असेल असं वाटलं नव्हतं.

शिकवणी चालू आहे. आता मी बेल वाजवत नाही, मला किल्ली दिली आहे.

२ एप्रिल

पडद्यामागची परीक्षा झाली. आम्ही दोघं उरलो. पोपटराव आणि मी. आता प्रत्येकाने एकेक तालीम तुकडीच्या पुढे बसून चालवायची. निम्मी लढाई बोलण्याची, आणि पोपटराव झोपेत इंग्रजी बोलतात असं त्यांची बायको सांगते.

१७ एप्रिल

आधी पोपटरावांची तालीम झाली. मी न्यायानेच लिहीन. ते छान बोलले, बाईंशी विनोदसुद्धा केले. पण ते बाईंकडे तोंड करूनच बोलत राहिले. मागच्या रांगेत आम्हांला त्यांची पाठ ऐकू येत होती.

आज माझी. पुढच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची दिसते तशी रुंद नाही. पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा उठून तुकडीकडे वळले. तोंड वर, हात खाली, एकेक शब्द सुटा. मागच्या रांगेतल्या सगळ्यांत शेवटच्या माणसाकडे बघून बोलले, कारण ती जागा मला माहीत आहे, तिथे शब्द पोचायच्या आधी थकतात.

मग शेवटच्या संथ भागाशी गाडी अडली. बाईंना तिथे आवाज हळूहळू भरत जायला हवा होता. आमचा भरत नव्हता. त्या म्हणाल्या, जोर लावा. लावला. खरखर वाढली, आवाज नाही. परत म्हणाल्या, आणखी जोर. मला कारण दिसत होतं. आम्ही तिथे गज खाली ओढत होतो, आणि खाली ओढला की गज टोकाकडे जाऊन हलका पडतो, कितीही दाबा. तो उलटा, वर ढकलला असता, तर हाताच्या वजनाने आवाज आपोआप चढला असता. पण गज कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा याच्या खुणा बाईंनी स्वतः घातल्या होत्या.

मी उठले. "आय ॲम अफ्रेड आय डिसअग्री."

पोपटराव खाली बघायला लागले. बाईंनी काडी टेबलावर ठेवली. "व्हाय?"

बिकॉज, म्हणाले मी. आणि पुढचा शब्दच सापडेना. वजन आठवतंय, ढकलणं आठवतंय, इंग्रजी सगळं पळालेलं. पूर्वीची मी असते तर सॉरी म्हणून खाली बसले असते. मी व्हायोला उचलला आणि उभ्यानेच दोन्ही प्रकारे वाजवून दाखवलं, आधी त्यांच्यासारखं, मग माझ्यासारखं. वाजवता वाजवता शब्द परत आले. "अप बो. देन इट विल ग्रो बाय इटसेल्फ."

बाई म्हणाल्या, "ऑल ऑफ यू. अप बो."

सगळ्यांनी वाजवलं. तो आवाज खालून असा भरत आला की पुढचे व्हायोलिनवाले मान वळवून बघायला लागले. बाईंनी पेन्सिल घेतली, स्वतःच्या मोठ्या प्रतीत आधीची खूण खोडली आणि नवी घातली.

मी बसले, आणि खुर्ची मला बरोबर मापाची वाटली.

१८ एप्रिल

पोपटराव जिन्यात भेटले. म्हणाले, "खरं सांगतो, कालची ती खूण मलाही चुकीची वाटत होती."

"मग बोलला का नाहीत? तुम्हांला तर शब्द शोधावे लागत नाहीत."

"शब्द होते हो," म्हणाले. "म्हणून तर लक्षात आलं की बाकीचं माझ्याकडे नाही."

मी त्यांना यापुढे पोपटराव म्हणणार नाही असं ठरवलंय. सवय जायला वेळ लागेल.

२४ एप्रिल

बाईंच्या खोलीत मुलाखत झाली. बाजूला कार्यालयाचे व्यवस्थापक. बाईंनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी म्हणाले, "इन माय सिस्टर-इन-लॉज किचन." व्यवस्थापक हसले, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, या वाद्यवृंदात तुमच्यापेक्षा चांगलं इंग्रजी येणारे बरेच आहेत, पण मला सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू येणारं माणूस हवं होतं, ते तुम्ही आहात.

मी घरी येऊन हे ह्यांना सांगितलं. म्हटलं, आवाज आमच्याकडे मुळातच खणखणीत, माहेरचा वारसा. हे म्हणाले, "असेल. पण लग्नानंतरची अठरा वर्षं तू 'मीठ दे' म्हणालीस की मी 'काय?' विचारायचो. जानेवारीपासून विचारत नाही."

तर खुर्ची माझी झाली. हे वाक्य आधी इंग्रजीत लिहिलं, वेगळ्या कागदावर. मग मराठीत. दोन्हीकडे चांगलं दिसतं.

ताईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून की परत ऐकायचं होतं म्हणून, ते मी विचारलं नाही.

१९ मे

म्होरक्याच्या खुर्चीवरची पहिली जाहीर तालीम आज झाली. लोकांना येऊन बघायची मुभा होती. तिसऱ्या रांगेत हे, इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारी ताई. मी कित्येकदा विनवलं होतं तेव्हा आल्या. यंत्र घातलं होतं की नाही ते केसांमुळे दिसलं नाही. मला वाटतं, नव्हतं.

सगळं ठीक चाललं होतं. मध्येच बाई थांबल्या आणि माझ्याकडे बघून भरभर काहीतरी म्हणाल्या. लांबलचक, बहुधा कुठलीतरी म्हण होती. त्यात एक मांजर होतं एवढंच कळलं. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण आता उत्तर द्यायचं काम माझं. समोर लोक. ह्यांनी कौतुकाने मान पुढे काढलेली.

मान डोलावता आली असती. इतकी वर्षं तेच केलं, येस येस म्हणून शेजाऱ्याच्या प्रतीत डोकावायचं. पण मी म्होरकी, मी चुकीचं डोलावलं तर माझ्यामागची सगळी तुकडी चुकणार. मी उठले आणि म्हणाले, "आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन, इन सिंपल वर्ड्स."

लोकांसमोर म्हणाले, मोठ्याने. शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं असणार.

बाई म्हणाल्या, "ऑफ कोर्स." मग साध्या शब्दांत सांगितलं. दबकत सुरुवात करू नका, एवढंच होतं. मी वळून तुकडीला सांगितलं. तेवढ्यात मागून तुतारीवाल्यांतला एक जण उठला, वयाने माझ्याहून मोठा. म्हणाला, मलाही मघाचं कळलं नव्हतं, तेही परत सांगाल का? मग चेलोवाल्यांतली एक. बाईंनी काडी खाली ठेवली आणि एकेकाला सांगत बसल्या. तालीम लांबली. कुणाची तक्रार नव्हती. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा सगळ्यांना सगळं कळत होतं, असं मला वाटतं. मी ताठ बसून होते. थोडी जास्तच ताठ, असं हे नंतर म्हणाले.

तालीम संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर ही गर्दी. ओळखीचे, अनोळखी, सगळे एकदम बोलत होते. कुणी माझा हात हातात घेत होतं. ह्यांनी ताईंना काहीतरी म्हटलं, अर्धं तोंड दुसरीकडे करून, गर्दीत बोलतात तसं. मी ताईंकडे बघत होते. आता त्या हसून मान डोलावणार, हे मला ठाऊक होतं.

ताईंनी ह्यांचा कोपर धरला आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "मला कळलं नाही. मला कानांनी फार कमी ऐकू येतं. परत सांग."

आजूबाजूच्या चारपाच लोकांनी वळून बघितलं. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना आजच, तिथे, पायऱ्यांवर कळलं. मी इतके महिने मागे लागले होते, निदान भावाला तरी सांगा म्हणून, तेव्हा हलल्या नाहीत. आज भर गर्दीत एकाएकी कुठून सुचलं, कोण जाणे.

पण त्यांच्या भावाने काळजीचं तोंड केलं नाही, हे मी अभिमानाने नोंदवून ठेवते. ते एक पायरी खाली उतरले, बहिणीच्या बरोबर समोर उभे राहिले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "मी विचारत होतो, भूक लागली का?"

"लागली," ताई म्हणाल्या. "ओरडतोस कशाला? नीट बोल."